मागाल तेवढं आणि मिळेल तेवढं

गाडीच्या टपावर सोलर पॅनल बसवणारा माणूस पॅनलला घाबरतो. वस्तू नवी असते, काळीभोर असते, उन्हात धरली की कुणी बटण न दाबता जिवंत होते, आणि तिच्या मागच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला की आकडा एकदम वर उडतो. सीटखालची बॅटरी मात्र घरातलीच वाटते. वर्षानुवर्षं बघितलेली, पावसाळ्यात गाडीला धक्का मारताना शिव्या खाल्लेली. तिच्या डोक्यावर पान्हा ठेवून माणूस खुशाल चहा प्यायला जातो. भीतीची ही वाटणी साफ उलटी आहे, आणि कॅम्परच्या, म्हणजे मुक्कामाच्या गाडीच्या, वायरिंगमधले बहुतेक घोळ या उलट्या वाटणीतून निघतात, असं माझं मत आहे.

बदलापूर पश्चिमेच्या आमच्या सोनिवलीला हा विषय आता अगदीच परका राहिलेला नाही. बदलापुरातून बारवी धरणावरून मुरबाड आणि तिथून माळशेज अशी वाट आहे, आणि गाडीतच मुक्काम करायची हौस त्या वाटेवर सहज लागते. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरावॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढायच्या, आडवं व्हायला खाट, एक ओटा, छोटा फ्रिज, दोन पंखे. (आरटीओची मंजुरी हे वेगळं प्रकरण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचल्याशिवाय कुणी कटर हातात घेऊ नये.) मग विजेचा प्रश्न येतो आणि नजर टपाकडे जाते.

पॅनल जोडायला जो वायरमन मिळतो त्याचा हात बहुधा इमारतींच्या गच्चीवर बसलेला असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, आणि गच्चीवरचं काम ही रोजची गोष्ट झाली. हात चांगला असला तरी गच्ची आणि टप यांच्यात एक मोठा फरक आहे. गच्चीवरच्या इन्व्हर्टरच्या पलीकडे महावितरण उभं असतं. पॅनलने जास्त वीज केली तर ती तिकडे जाते, कमी केली तर तिकडून येते. महावितरणचा पुरवठा गेला तर ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर भर उन्हात स्वतःला बंद करून घेतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसता कामा नये. टपावर यातलं काहीच नाही. तिथे पॅनलच्या पलीकडे एकटी बॅटरी आहे, आणि तिचा स्वभाव पॅनलच्या नेमका विरुद्ध आहे.

हे दोन स्वभाव नीट पाहू. आधी पॅनल. पॅनलमधल्या सिलिकॉनवर प्रकाश पडतो तेव्हा प्रकाशाचा एक कण फार तर एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. जितका प्रकाश तितके मोकळे इलेक्ट्रॉन, आणि तितकाच प्रवाह. पॅनलची दोन टोकं थेट एकमेकांना जोडली तरी मोकळे झालेले इलेक्ट्रॉनच फिरणार, नवे कुठून आणणार? म्हणून पॅनलच्या मागच्या लेबलवर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. हल्ली सर्रास मिळणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनलवर चालू कामातला प्रवाह साधारण १३ अँपिअर आणि शॉर्टसर्किटमधला साधारण १४ अँपिअर. एका अँपिअरचा फरक! ज्या प्रसंगाला आपण अपघात म्हणतो तो पॅनलच्या लेखी रोजच्या कामापेक्षा किंचित जास्त, इतकंच.

आता बॅटरी. १०० अँपिअर-तासाची चांगली लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर तिचा आतला रोध पाच मिलिओहमच्या आसपास असू शकतो. १२.६ व्होल्टला ०.००५ ने भागा: अडीच हजार अँपिअर. पान्हा दोन टोकांवर आडवा पडला तर तो त्या अडीच हजारांचा मार्ग बनतो. लाल होतो, चिकटतो, आणि बाजूला काढायला हात लावणाऱ्याची अंगठी असेल तर तीही. लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचा पहारेकरी असतो, तो तोडतो; पण तोडेपर्यंतच्या क्षणात तिथूनही भरपूर काही निघतं.

पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून येतं ते आभाळात असेल तेवढंच येतं. पन्हळ फोडली म्हणून पाऊस वाढत नाही. बारवीचं धरण मात्र कित्येक महिन्यांचा पाऊस पोटात घेऊन बसलेलं आहे, आणि दार किती उघडायचं हे खालच्या माणसाच्या हातात आहे. पॅनल मिळेल तेवढं देतं, बॅटरी मागाल तेवढं देते. कॅम्परच्या वायरिंगचे नियम लोक पाठ करतात, एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. मला वाटतं हे एक वाक्य पक्कं बसलं तर त्यातले बहुतेक आपले आपण काढता येतात.

एक छोटी परीक्षा या वाक्याची सत्यता हातावर आणून देते. मल्टिमीटरचा लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायचा आणि दहा अँपिअरच्या आतल्या छोट्या पॅनलच्या प्लस-मायनसला मीटर थेट लावायचा. मीटर अँपिअरच्या सेटिंगवर असताना तो म्हणजे जवळजवळ सरळ तारच. आपण पॅनलला जाणूनबुजून शॉर्ट करतोय. मीटर शांतपणे आकडा दाखवतो, आणि पॅनल चांगलं आहे की नाही हे तपासायची ही रीतसर पद्धत आहे. हीच कृती बॅटरीवर केली तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त मीटरला फ्यूज नसेल तर मीटर उडतो.

आता फ्यूज कुठे लावायचा? गच्चीवरून आलेला हात आपसूक पॅनलच्या वायरीत फ्यूज घालतो. एकट्या पॅनलसाठी तो निव्वळ शोभेचा असतो. पॅनल १४ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, मग २० अँपिअरचा फ्यूज उडणार कधी? दोन पॅनलं समांतर जोडली तरी तीच गोष्ट. तीन किंवा जास्त झाली की मात्र चित्र बदलतं. एक पॅनल आतून बिघडलं तर बाकीची दोन मिळून २८ अँपिअर त्याच्या पोटात उलटे ढकलू शकतात, आणि तिथे प्रत्येकाच्या वायरीत फ्यूज हवा. ट्रॅव्हलरच्या टपावर तशी वेळ सहसा येत नाही.

फ्यूज हवाच तो बॅटरीच्या प्लसपाशी, टोकापासून वीतभर अंतराच्या आत. कंट्रोलरपाशी लावून उपयोग नाही. कारण कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामधला वायर कुठे पत्र्याच्या धारेवर घासून उघडा पडला, तर आग लावणारा प्रवाह बॅटरीकडून येणार, कंट्रोलरकडून नाही. फ्यूज राखण करतो ती त्या वायरची. उपकरणाची राखण हे त्याचं काम नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे कुणी स्पष्ट सांगत नाही. म्हणून त्याचा आकडा वायर किती सोसते त्यावर ठरतो. ४० अँपिअरचा कंट्रोलर, १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ५० किंवा ६० चा फ्यूज, असं ते बसतं. शिवाय फ्यूजला स्वतःचीही एक मर्यादा असते. गाडीच्या डब्यातला छोटा ब्लेड फ्यूज साधारण हजार अँपिअरपर्यंतचा दणका तोडू शकतो. त्यापुढे आत जळूनही त्यातून आगीची वाट चालू राहू शकते. मोठ्या लिथियम बॅटरीसाठी लोक महागडा क्लास-टी फ्यूज घेतात, त्याची तोडण्याची कुवत वीस हजार अँपिअरची असते. महाग वाटतो खरा. लॅमिंग्टन रोडवर उभं राहून घासाघीस करायला इतर पुष्कळ वस्तू आहेत.

पॅनल आणि बॅटरी या दोन विरुद्ध स्वभावांच्या मध्ये बसतो तो चार्ज कंट्रोलर. त्याचं काम वरवर दिसतं तेवढंच नाही. बॅटरी भरली की पॅनल तोडणं हे झालंच, लेड-ॲसिडला १४.४ व्होल्टपर्यंत न्यायचं, मग साडेतेरा-पावणेचौदावर धरून ठेवायचं. पण खरा खेळ व्होल्टचा आहे. ५४० वॅटचं पॅनल हे घरासाठी बनवलेलं आहे. ते काम करतं ४१ व्होल्टच्या आसपास. बॅटरी १३ व्होल्टवर. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर या दोघांना नुसतं जोडतो, म्हणजे आत एक स्विच भराभर उघडझाप करतो. जोडताक्षणी पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर उतरावं लागतं. प्रवाह तेवढाच राहतो, कारण तो उन्हाने ठरवलेला आहे. १३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट: १७० वॅटच्या आसपास. ५४० चे पैसे मोजून १७० घरात. बाकीची वीज कुठे जाते, असा प्रश्न लोक विचारतात. कुठेच जात नाही, ती होतच नाही. त्या उन्हाने टप तापतो.

एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या ४१ व्होल्टवर राहू देतो आणि व्होल्ट कमी करून अँपिअर वाढवतो. वरून ४१ व्होल्टला १३ अँपिअर आत, खाली साडेतेरा व्होल्टला ३७-३८ अँपिअर बाहेर. म्हणजे एकाच खोक्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जाडीच्या केबल लागतात, आणि हे ज्याला उमगलं नाही तो दोन्हीकडे वरची सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढतो. तेवढ्या जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ३.३ मिलिओहम. जाऊन-येऊन दहा मीटर वायर धरली तर ३३ मिलिओहम. त्यातून पॅनलच्या बाजूचे १३ अँपिअर नेले तर ०.४ व्होल्ट गळतात, ४१ मधून, जाणवतही नाहीत. त्याच वायरीतून बॅटरीच्या बाजूचे ३८ अँपिअर नेले तर सव्वा व्होल्ट गळतो, आणि इथे आपल्याकडे आहेतच साडेतेरा. कंट्रोलरला बॅटरी भरली असं वाटतं, बॅटरी अर्धपोटी राहते. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी असावा आणि लांबचा प्रवास पॅनलच्या वायरने करावा. (बाजारात एमपीपीटी असं ठळक छापलेले आणि आतून पीडब्ल्यूएम निघालेले कंट्रोलर पुष्कळ आहेत. हातात घेऊन बघा: खऱ्या एमपीपीटीत मोठं वेटोळं असतं, त्यामुळे तो वजनाला लागतो.)

पॅनल बिचारं निरुपद्रवी असं इथवर चित्र झालं असेल तर ते सुधारायला हवं. अँपिअरच्या बाबतीत ते गरीब आहे, व्होल्टच्या बाबतीत नाही. त्याच पॅनलचं उघड्या टोकांचं व्होल्टेज ४९-५० असतं. दोन पॅनलं एकापुढे एक जोडली की ९८-१००. कंट्रोलरवर १०० व्होल्टची कमाल मर्यादा छापलेली असते आणि माणूस म्हणतो, बसलं बरोबर. पण लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पॅनल गार झालं की व्होल्ट वाढतात, दर अंशाला सुमारे पाव ते एक तृतीयांश टक्का. जानेवारीतल्या पहाटे माळशेजला पारा १२ वर असताना कोवळी उन्हं पॅनलवर पडली की ९९ चे १०२ होतात, आणि कंट्रोलर त्या सकाळी मरतो. दुपारी कधीच मेला नसता. मे महिन्यात उलट प्रकार: पत्र्याला चिकटवलेलं पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि त्याची ताकद सहज पंधरा टक्क्यांनी उतरते. पॅनल आणि टप यांच्यात दोन-तीन बोटं हवा खेळती ठेवणं हा त्यावर फुकटचा इलाज.

पॅनलचं दुसरं उपद्रवमूल्य म्हणजे ते बंद होत नाही. बॅटरीची केबल काढली की विषय संपला. पॅनल उजेड आहे तोवर दोन टोकांवर व्होल्ट धरून उभं असतं. शिवाय हा डीसी. घरातली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी पुढच्या शून्याला आपोआप विझते. डीसीला शून्यच नाही. ५० किंवा १०० व्होल्टच्या डीसीची ठिणगी दोन टोकांमध्ये ताणली जाते आणि जळत राहते. घरातला साधा स्विच किंवा एसीचा एमसीबी इथे लावणं म्हणजे न विझणारी ठिणगी प्लास्टिकच्या डबीत कोंडणं. डीसीसाठी बनवलेला एमसीबी घ्यायचा, त्यावर प्लस-मायनसची दिशा छापलेली असेल तर ती पाळायची, आणि पॅनलच्या वायरींवरचे एमसी४ कनेक्टर चालू प्रवाहात कधी ओढून काढायचे नाहीत. जोडणी करताना पॅनलवर जाड गोधडी टाकावी. सगळ्यात स्वस्त स्विच तोच.

आता जोडणीचा क्रम. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. हा नियम बहुतेकांना पाठ असतो, आणि विचारलं की उत्तर येतं, कंपनीने सांगितलंय. कारण आपल्या त्या वाक्यात आहे. बॅटरी हा मोठा साठा आहे. पॅनलने काहीही दिलं तरी ती आपलं व्होल्टेज फारसं हलू देत नाही. कंट्रोलर उठल्यावर आधी तिच्याकडे बघतो आणि गाडी १२ व्होल्टची की २४ ची हे ठरवतो. बॅटरी नसताना पॅनल जोडलं तर कंट्रोलरला दिसतात नुसते पॅनलचे उघडे व्होल्ट, झेलायला कुणीच नाही. काही कंट्रोलर गोंधळून चुकीची यंत्रणा धरतात, आणि साध्या कंट्रोलरच्या लोडच्या, म्हणजे दिवे-पंखे जोडायच्या, टोकांवर १२ व्होल्टच्या दिव्यांना वीस व्होल्ट भेटू शकतात.

सगळ्यात चोरटी अडचण मात्र मायनसची आहे, आणि ती खास गाडीची. घरात कुणी भिंतीला न्यूट्रल म्हणून वापरत नाही. गाडीत मात्र लोखंडी सांगाडा हाच मायनसचा वायर असतो. गॅरेजमध्ये वाढलेला इलेक्ट्रिशियन मायनस दिसला की हात लांब करून जवळच्या बोल्टला जोडतो, आणि त्याच्या जगात ते बरोबरच आहे. पण स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरांपैकी पुष्कळांत पॅनलचा प्लस, बॅटरीचा प्लस आणि लोडचा प्लस आतून एकच असतात. तोडजोड करणारा स्विच मायनसमध्ये बसवलेला असतो. अशा कंट्रोलरच्या पॅनलचा मायनसही बॉडीला आणि बॅटरीचा मायनसही बॉडीला असं झालं की गाडीच्या पत्र्यानेच त्या स्विचला वळसा घातला. पॅनल थेट बॅटरीवर. कंट्रोलरचे दिवे लुकलुकत राहतात, पडद्यावर आकडे येत राहतात, आणि तो कशावरही नियंत्रण करत नसतो. लेड-ॲसिड बॅटरी पंधरा-सोळा व्होल्टला जाऊन आतलं पाणी उकळवते आणि हायड्रोजन सोडते, तोही झोपायच्या खोलीत. लोडच्या बाजूलाही हेच: फ्रिजचा मायनस बॉडीला जोडलात तर बॅटरी उतरल्यावर फ्रिज तोडायची कंट्रोलरची सोय मेली.

ओळखायचं सोपं आहे. कंट्रोलर कशालाच जोडलेला नसताना मल्टिमीटर बीपवर ठेवायचा. पॅनलचा प्लस आणि बॅटरीचा प्लस यांच्यात बीप आली तर तो या जातीचा. दोन मायनसांत बीप आली तर कॉमन मायनसचा, गाडीला सोयीचा. पहिल्या जातीचा घरात असेलच तर पॅनल आणि लोड यांच्या दोन-दोन वायरी स्वतंत्र न्यायच्या आणि बॉडीला हातही लावायचा नाही. पॅनलची ॲल्युमिनिअमची चौकट टपाला बोल्टने कसली म्हणून काही बिघडत नाही. ती चौकट पॅनलच्या मायनसला आतून जोडलेली नसते. घरचा वायरमन आणि गॅरेजवाला यांच्यात या काळ्या वायरीवरून वाद होतो तेव्हा दोघंही आपापल्या जागी खरे असतात. घरवाल्याच्या जुन्या सवयीत काळा म्हणजे न्यूट्रल, गॅरेजवाल्याच्या सवयीत काळा म्हणजे बॉडी. इथे तो दोन्ही नाही.

मिळेल तेवढंच देणाऱ्याबरोबर राहायचं कसं, याचं सगळ्यात मोठं चालतं उदाहरण म्हणजे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांची बस. तेव्हा आयआयटी मुंबईत सौरऊर्जेचे प्राध्यापक असलेले सोळंकी नोव्हेंबर २०२० मध्ये ऊर्जा स्वराज यात्रेवर निघाले, २०३० पर्यंत बसलाच घर करायचं असा संकल्प करून. बस धावते डिझेलवर. आतलं घर मात्र उन्हावर चालतं. टपावर ३.२ किलोवॅटची पॅनलं आणि खाली सहा युनिटांची बॅटरी. या दोन आकड्यांकडे जरा बघा. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटं हा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे बारा-तेरा युनिटं येणार आणि साठवायची जागा त्याच्या निम्मी. साठ्याबाबत कंजूष वाटणारी ही मांडणी मला शहाणपणाची वाटते. दिवसा स्वयंपाक, दिवसा पंखे, दिवसा लॅपटॉप: जे येतंय ते येतानाच वापरा, बॅटरी रात्रीपुरती. आपल्याकडचा कॅम्परवाला उलट करतो, पॅनलात काटकसर आणि बॅटरीत हौस. मोठी बॅटरी घेतली म्हणजे वीज वाढली असं त्याला वाटतं. एका ५४० च्या पॅनलने चांगल्या दिवशी दोन युनिटं येतात. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात अर्धा-पाऊण युनिट घेतो, पंखा रात्रभरात पाव, बाकी दिवे नि मोबाईल. एक टनाचा एसी ती दोन युनिटं दोनेक तासांत खाऊन टाकतो, बॅटरी केवढीही असो.

सोनिवलीच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंश उत्तरेला, सूर्य वर्षात दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. टपावर आडवं पडलेल्या पॅनलसाठी हे दोन सगळ्यात चांगले काळ, आणि त्यातला दुसरा आपल्याकडे पूर्णपणे पावसात जातो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४७ अंशांपर्यंतच चढतो, आडव्या पॅनलला त्याचा तीन चतुर्थांशाहून थोडा कमीच वाटा मिळतो. पण आभाळ स्वच्छ असल्याने तो जुलैपेक्षा किती तरी बरा.

पावसाळ्यात मल्टिमीटर एक फसवणूक करतो. आभाळ भरून आलंय, माणूस पॅनलच्या टोकांवर व्होल्ट बघतो, ४६-४७ दिसतात, म्हणतो पॅनल उत्तम चाललंय, मग बॅटरी का भरत नाही? व्होल्टेज सिलिकॉन ठरवतं, थोड्याशा उजेडातही ते जवळजवळ पुरं उभं राहतं. उजेडाबरोबर पडतो तो प्रवाह. तेराचा दीड झालेला असतो आणि तो दिसायला डीसीचा क्लॅम्प मीटर लागतो. पॅनलला व्होल्ट विचारणं म्हणजे त्याचं नाव विचारणं; कमाई कळायची तर अँपिअरच विचारायला हवेत. सावलीचंही असंच. एकामागे एक जोडलेल्या सेलांमधून एकच प्रवाह जातो, त्यामुळे टपावरच्या एसीची किंवा कॅरिअरच्या दांडीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या सेलाएवढाच प्रवाह सगळ्यांचा होतो. पॅनलमागच्या डबीतले तीन बायपास डायोड सावलीतला तुकडा वगळून बाकीच्यांना मोकळं करतात, पण तिसरा हिस्सा गेलाच. म्हणून टपावर आधी एसीची, व्हेंटची, कॅरिअरची जागा ठरवायची आणि मग पॅनलची. लोक नेमकं उलट करतात, कारण पॅनल आधी येऊन पडलेलं असतं.

एक जागेची गोष्ट इथल्यापुरती. जुलै २००५ आणि जुलै २०१९, दोन्ही वेळा उल्हास नदीचं पाणी बदलापुरात वस्तीत शिरलं. बॅटरी जड असते, ती खालीच असणार. पण पॅनलचा डीसी स्विच आणि कंट्रोलर खिडकीच्या उंचीवर ठेवायला काहीच खर्च येत नाही, आणि पाण्यात उभ्या गाडीचं पॅनल उजेड होताच कामाला लागतं हे लक्षात घेतलं तर तो स्विच बाहेरूनही हाताशी यायला हवा.

आणि पावसाळाभर गाडी उभीच राहणार असेल तर बॅटरी बाजूला काढून घरात ठेवायची पद्धत चांगली आहे, फक्त तेव्हाच क्रम विसरतो. माणूस सवयीने बॅटरीची केबल सोडतो, आणि वरचं पॅनल पुढचे दोन महिने एकट्या कंट्रोलरवर सकाळ-संध्याकाळ व्होल्ट लादत बसतं. आधी पॅनलचा स्विच पाडायचा, कंट्रोलरच्या पडद्यावर पॅनलचे व्होल्ट शून्य झालेले पाहायचे, मग बॅटरीचा मायनस, मग प्लस. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत जोडताना हेच उलट्या क्रमाने. स्विचच्या डबीवर मार्करने लिहून ठेवावं, कारण गाडी तोवर भावाकडे किंवा गॅरेजात गेलेली असू शकते, आणि ती उघडणारा माणूस पुन्हा पॅनललाच घाबरणार आहे.